पन्नासाव्या हिश्श्याचा वाडा

माझ्या हातून आजवर ज्या प्रतिकृती झाल्या, त्यांतल्या एकीचंही सगळं साहित्य मी दुकानातून आणलेलं नाही. तसं दुकान मराठवाड्यातल्या आमच्या हदगावात नव्हतंच. वह्या-पुस्तकांच्या दुकानात घोटीव कागद, थर्माकोल आणि फेविकॉल मिळायचं, शाळेच्या प्रदर्शनातला ज्वालामुखी तेवढ्यात भागायचा. मला मात्र आमच्या आजोबांचा वाडा करायचा होता. मापात करायचा होता, दारं-खिडक्या-तुळयांसकट, एका मीटरला दोन सेंटिमीटर धरून. त्यासाठी लागलेलं लाकूड, तार, कागद, माती, चामडं, दोरा, सगळं गावातल्या माणसांनी दिलं. ते कसं चिरायचं, कसं ताणायचं, कसं टिकवायचं हेही त्यांनीच समोर बसवून शिकवलं. माझ्यावरच्या या ऋणाची कुठे नोंद नाही, म्हणून ती इथे करतो आहे.

वाडाच का, ते आधी सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाशी माळवदावर नवी माती पडते, पिढ्यान् पिढ्या थर चढत जातो आणि ओझं वाढत जातं. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. हदगाव किल्लारीपासून पुष्कळ लांब, पण माळवदाखाली झोपायची भीती मराठवाड्यातल्या गावोगावी पोचली. आमच्याही घरात पुढची काही वर्षं तोच विषय चालला आणि शेवटी थोरल्यांनी ठरवलं की वाडा उतरवायचा, लाकूड भावाभावांत वाटून घ्यायचं आणि पत्र्याची, स्लॅबची घरं बांधायची. निर्णय बरोबर होता. त्याला कुणी विरोध केला नाही, मीही नाही.

वाडा उतरण्याआधी मी तो मोजून काढला. आमच्याकडे घर खणांवर मोजतात. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, त्यामुळे नुसतं खण मोजले तरी घराचा सांगाडा कागदावर येतो. ढेलज, सोपा, देवघर, धान्याचं बळद, उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं साणं, खांबाखालचे दगडी उथळे, सगळ्याची मापं वहीत उतरली. अडीच फुटांची भिंत पन्नासाव्या हिश्श्याने दीड सेंटिमीटर होते. पंधरा सेंटिमीटरचा खांब तीन मिलिमीटर. दाराची दोन सेंटिमीटर जाडीची फळी ०.४ मिलिमीटर. खिडकीचा बोटाएवढा गज ०.३ मिलिमीटर. कागदावर आकडे मांडले आणि लक्षात आलं की खरी अडचण लहान करण्यात नाही, पातळ करण्यात आहे. तीन मिलिमीटरचा खांब कुणीही तासून काढील. ०.३ मिलिमीटरचा सरळसोट गज आणायचा कुठून?

जगात प्रतिकृती करणारे यासाठी बाल्सा वापरतात. दक्षिण अमेरिकेतल्या, विशेषतः इक्वेडोरच्या, या झाडाचं लाकूड सागाच्या चौथाईइतकंच जड भरतं आणि साध्या ब्लेडने कापलं जातं. त्याच्या जोडीला पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे आणि पितळेच्या बारीक पट्ट्या-नळ्या असतात. हे सगळं त्या काळी पुण्या-मुंबईच्या मोजक्या दुकानांत मिळायचं, आणि त्याची किंमत आमच्या घरात उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. पण आमच्या शेतात बाल्साहून हलकं काहीतरी दर वर्षी उगवत होतं, आणि ते मला फार आधीच एका माणसाने दाखवलं होतं.

ते आमचे सालगडी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ज्वारीचं वाळलेलं धाट सोलून त्याची बैलगाडी करायला मला त्यांनी शिकवलं. धाटाची टणक साल निघाली की आत पांढरा, मऊ, पोकळ वाटावा इतका हलका गाभा उरतो. गाभ्याचे तुकडे कापायचे आणि सालीच्याच टोकदार कामट्या त्यांत खुपसून जोडायचे. खिळा नाही, डिंक नाही. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या हे खेळणं केलं आहे. दादा मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायचे, "पेराच्या मधूनच काप, गाठ आली की सोड." गाठीपाशी गाभा चिवट होतो आणि वेडावाकडा कापला जातो. पुढे वाड्याच्या भिंतींच्या आतला सगळा भराव मी या गाभ्याचाच केला. गाठ सोडून कापलेला गाभा ब्लेडखाली लोण्यासारखा सरळ येतो. दादांनी तो धडा पोराचा खेळ म्हणून दिला होता, मी तो बांधकामाचा नियम म्हणून आयुष्यभर वापरला.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी एकदा काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणली आणि त्यांचे त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडून दाखवल्या. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन लगेच कलतो, हे हातांना कळलं. या रचना अरविंद गुप्ता यांच्या, हेही सरांनी सांगितलं. कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे हे अभियंते १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि त्यानंतर त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याला आयुष्य वाहिलं. पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते होते. मी त्यांना कधी भेटलो नाही. तरी हदगावच्या एका वर्गात सरांच्या हातून त्यांची काडी माझ्यापर्यंत पोचली, आणि जे समोर पडलं आहे त्यातूनच रचना उभी राहू शकते हा विश्वास तिथे बसला. त्या दिवसापासून मी गावातली दुकानं वेगळ्या नजरेने बघायला लागलो. कुठे काय विकतात यापेक्षा कुठे काय उरतं, हे बघायचं.

पहिला उरलेला जिन्नस घरातच सापडला, आजीकडे. जुन्या वह्यांचे कागद भिजवून, कुटून, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालून ती लगदा करायची आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करायची. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि कडूपणामुळे त्याला कीड लागत नाही. भिंतींवर गिलावा करण्यासाठी मी शेतातली काळी माती आणणार होतो. आजी म्हणाली, "काळीला हात लावू नको, ती फाटती. पांढरी आण." काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. गावठाणाच्या, जुन्या गढीच्या पांढऱ्या मातीत तो दोष नाही, आणि माळवदावर तीच का टाकतात याचं कारणही हेच. मोठ्या घराला जो नियम, तोच दीड सेंटिमीटरच्या भिंतीला. पांढरी माती वस्त्रगाळ केली, त्यात आजीचा लगदा मिसळला आणि गाभ्याच्या भिंतीवर बोटाने सारवला. त्या भिंतींना आजतागायत तडा गेलेला नाही. आमच्या आजीला प्रतिकृती हा शब्द ठाऊक नव्हता, पण मातीचा स्वभाव तिला जेवढा कळत होता तेवढा मला अजूनही कळत नाही.

लाकडासाठी मी सुतारआप्पांकडे गेलो. वाड्याच्या तुळया सागाच्या, म्हणून मी सागाचेच तुकडे मागितले. आप्पांनी वहीतलं चित्र पाहिलं, मापं पाहिली आणि तुकडा द्यायच्या आधी सागाची एक फळी माझ्या पुढ्यात धरली. "ह्या रेषा बघ," ते म्हणाले. "दार तू बारीक करशील, पण साग कुठं बारीक व्हतो? ह्या रेषा हैत तेवढ्याच राहतेल." पन्नासाव्या हिश्श्याच्या दारावर खऱ्या सागाची एक रेघ म्हणजे रुंद पट्टा दिसला असता. लाकूड बदलायलाच हवं होतं. आप्पांनी अडगळीतून हेदूचा एक जुना तुकडा काढला. पिवळसर, एकसारखं, रेषा जवळजवळ न दिसणारं लाकूड. पूर्वी लाकडी फण्या याच्या करायचे, कारण बारीक दाते कापले तरी ते तुटत नाहीत. ज्या लाकडातून फणीचा दाता निघतो, त्यातून माझा खांब निघणारच होता.

मग त्यांनी सारख्या जाडीच्या पट्ट्या काढायची युक्ती दाखवली. लोखंड कापायच्या करवतीची दोन तुटकी पाती घेतली, त्यांचे दाते सहाणेवर घासून टाकले आणि ती काचेवर समांतर ठेवली. मधे लाकडाची पट्टी बसवली आणि वरून पटाशीच्या धारेने खरवडत गेले. धार दोन्ही पात्यांना टेकली की थांबायचं. पात्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर, त्यामुळे पट्टी बरोबर तेवढी उतरते, पहिली आणि शंभरावी सारखीच. पन्नासाव्या हिश्श्यात ती जाडी सव्वा इंचाची होते, आमच्या खिडक्यांच्या चौकटींना नेमकी लागणारी. मायक्रोमीटर मी पुढे आयटीआयमध्ये शिकताना पहिल्यांदा हातात धरला. त्याआधीच आप्पांनी दोन तुटक्या पात्यांनी माझ्या हातात माप दिलं होतं. लाकडाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "वाडा आमच्याच आज्यानं उभा केलता," एवढंच म्हणाले. ते खरं होतं. तुळयांवरची खूण त्यांच्याच घराण्यातल्या हाताची होती.

माळवदाला तुळयांवर आडव्या बारक्या काठ्यांचा थर असतो, त्याला किलच म्हणतात. मोठ्या घरात त्या मनगटापेक्षा बारीक, माझ्या वाड्यात एक मिलिमीटरच्या. अशा काड्या शेकड्यांनी हव्या होत्या. त्या मला आठवडी बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसणाऱ्या बुरूड मावशींनी दिल्या, आणि देताना हात धरून चिरायला शिकवलं. बांबूची कांब चिरताना नवखा माणूस एका कडेने पातळ पट्टी काढायला जातो. ती अर्ध्यातच बाहेर पडते. मावशींचा नियम, नेहमी मधोमध. कांबेचे दोन भाग, त्या प्रत्येकाचे दोन, पुन्हा दोन. सुरी फक्त सुरुवातीला लागते, पुढे दोन्ही हातांनी ओढत फाट पुढे न्यायची. आणि फाट एका बाजूला सरकू लागली तर? "जाड बाजू जास्त वाकीव, बाळा. फाट तिकडं वळती." मी करून पाहिलं. जाड बाजू वाकवली की भेग आपोआप त्या बाजूला झुकते आणि दोन्ही भाग पुन्हा सारखे होतात. बोटांखाली तंतू सुटत असल्याचा बारीक कंप जाणवतो, त्यावरून फाट कुठे चालली आहे ते न बघताही समजतं. मावशी बघत नसत. बाजारात गिऱ्हाइकाशी भाव करता करता त्यांची कांब मधोमध चिरत राहायची.

त्यांनी मला दिलेला बांबू म्हणजे टोपलीच्या बुडाला न पुरणारे आखूड तुकडे. त्यांच्या कामाचे नव्हते, माझ्या कामाला पुरून उरले. माझ्या सुदैवाने जे त्यांना आखूड ते मला लांब होतं. पुढे मला कळलं की गावातल्या प्रत्येक धंद्यात असा एक तुकडा असतो, जो धंद्याला उपयोगी पडण्याइतका मोठा नसतो आणि टाकवत नाही म्हणून कोपऱ्यात साठतो. प्रतिकृती करणाऱ्याचं भांडार म्हणजे हे कोपरे.

आता ०.३ मिलिमीटरचे गज. ते मला मोटारी भरणाऱ्या चाचांकडे मिळाले. हदगावच्या आसपास विहिरी, बोअर, पैनगंगा आणि कयाधूच्या काठच्या मोटारी, आणि रब्बीत विजेचा दाब कमी झाला की त्या जळायच्या. वाइंडिंगच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागायची. आत भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं. चाचांकडे तारेचा नंबर मोजायची खाचांची गोल चकती होती. नंबर जेवढा मोठा तेवढी तार बारीक, हे त्यांनी आधी समजावलं. तीस नंबरची तार म्हणजे ०.३१५ मिलिमीटर. माझा गज मिळाला होता. पण रिळावरची तार वाकडी, कितीही बोटाने सरळ करा, लाट राहतेच.

चाचांनी तारेचं एक टोक पकडीत आवळलं, दुसरं टोक पक्कडीत धरायला मला दिलं आणि मागे सरकायला सांगितलं. "खिंचो, मगर झटका नक्को. तार ढीली पडी बोलके हात कू समजता, वहींच रुकना." मी हळूहळू ओढत गेलो. एका क्षणी तार किंचित लांबते, हाताला अगदी स्पष्ट कळतं की ती शरण आली. तिथे थांबून सोडली की ती आखून काढलेल्या रेघेसारखी सरळ राहते आणि ताणल्यामुळे थोडी ताठही होते. उलट, प्रतिकृतीतल्या बैलगाडीची दोरखंडं आणि बैलांच्या वेसणी करायला त्यांनी जळालेल्या मोटारीतून काढलेली तार दिली. भट्टीत भाजून निघालेलं तांबं मऊ पडतं, पीळ घेतं, वळवलं तिथे राहतं. एकच धातू, ताणला की गज आणि भाजला की दोर. हा धडा मी नंतर आयटीआयच्या वर्गात धातूंच्या तासाला ऐकला तेव्हा बाकी मुलं लिहून घेत होती, मला चाचांचं दुकान दिसत होतं.

तांबं किलोवर विकलं जातं. उरलेली तारही भंगारात पैसे देते. चाचांनी मला दिलेली तार त्यांच्यासाठी टाकाऊ नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पैसे पुढे केले तर ते म्हणायचे, "पढाई का काम है ना? ले जा." माझा वाडा त्यांना पढाई वाटला, खेळ वाटला नाही, याचं मोल तांब्यापेक्षा जास्त होतं.

दारांसाठी ०.४ मिलिमीटरची फळी हवी होती, ती छापखान्यातल्या काकांनी दिली. लग्नसराईत पत्रिकांचे ढीग कापताना कडेला दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या निघायच्या. चांगल्या पत्रिकेच्या जाड कागदाची जाडी नेमकी माझ्या दाराइतकी. कागदालाही लाकडासारखी दिशा असते, हे काकांनी शिकवलं. पट्टीच्या एका बाजूला ओलं बोट फिरवायचं. ती ज्या दिशेने गुंडाळी करते, त्या गुंडाळीच्या लांबीशी धागा समांतर असतो. धाग्याच्या दिशेने दुमडलं तर कड स्वच्छ येते, आडवं दुमडलं तर कागद तडकतो. दारावरचे खिळे मी उलट बाजूने रिकाम्या रिफिलच्या टोकाने दाबून उठवले, तेही काकांच्या पसंतीस उतरल्यावरच. आणि बांधणीची खळ कशी करायची ते त्यांनी शेवटी सांगितलं, जणू घरातली गोष्ट सांगावी तसं. मैदा थंड पाण्यात आधी कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं. झुरळ, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. ते विषारी असतं, म्हणून ते भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आईने त्यासाठी एक जुनं पातेलं मला कायमचं देऊन टाकलं.

बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या बाबांचाही मी तसाच ऋणी आहे. प्रतिकृतीतल्या मोटेसाठी चामडं पातळ करून त्यांनीच दिलं. रापी जवळजवळ आडवी धरून चामड्याची आतली बाजू अशी सोलायची की ते कागदासारखं लवतं. दोऱ्यावर मेण ओढून त्याचे केस बसवायलाही त्यांनीच शिकवलं. केसाळ दोरा साध्या डोळ्याला दोरा वाटतो, पण पन्नासाव्या हिश्श्यात तो काटेरी झुडूप दिसतो. मेण लावलेला दोरा दोरखंड दिसतो.

आमच्या तालुक्यात तामसा येथे बारालिंगाच्या देवस्थानात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भाजी-भाकरीची पंगत होते. भाकरी गावोगावच्या घरांतून येतात आणि अनेक भाज्यांची मिळून एकच भाजी शिजते. पानात पडलेली भाकरी कुठल्या घरची, हे कुणाला सांगता येत नाही. माझा वाडा पुरा झाला तेव्हा मला त्या पंगतीची आठवण आली. फरक इतकाच, की माझ्या वाड्यातली एकेक वस्तू कुणाच्या घरची ते मला सांगता येतं, आणि सांगायलाच हवं.

पुढे पुण्याला गेलो तेव्हा कोथरूडला संगम प्रेसजवळचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय पाहिलं. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी खुलं झालं. रूळ, सिग्नल, बोगदे, शहर, सगळं मापात, सगळं चालतं. एका मराठी माणसाने आयुष्यभराच्या छंदाला घर बांधून दिलेलं पाहून मला फार बरं वाटलं. त्याच सुमारास एके ठिकाणी नॉर्मन क्रॉसबद्दल वाचलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये फ्रेंच युद्धकैद्यांसाठी चालवलेला हा तळ. १७९७ पासून तिथे हजारो कैदी होते. रोजच्या शिध्यातल्या मांसाची हाडं उकळून, घासून, त्यांच्या फळ्या करून हे कैदी जहाजांच्या प्रतिकृती करायचे, दोरखंडासाठी केस वापरायचे आणि तळाच्या फाटकावर भरणाऱ्या बाजारात त्या विकायचे. ती जहाजं आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. जे वाचलं त्याने मला धीर आला. माझी पद्धत गरिबीतली पळवाट नव्हती. ती या कलेची जुनी आणि मानाची वाट होती.

आज साहित्य बदललं आहे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, चांगलं उंच धाट शोधावं लागतं. सुताराकडे हेदू राहिला नाही, प्लायवूड आणि मायकाचे तुकडे आहेत, आणि मायकाची एक पट्टी काचेवर घासली तर सुरेख फरशी होते. छापखान्याच्या जागी फ्लेक्सची दुकानं आली. तिथे सनबोर्डचे तीन आणि पाच मिलिमीटरचे तुकडे रोज निघतात, ते ब्लेडने कापले जातात आणि पाण्याने खराब होत नाहीत. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे प्रत्येक शेतात पडलेले असतात. पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून उकळत्या पाण्यात धरला की मऊ होतो, दोन फरशांमध्ये दाबून ठेवला की सपाट पत्रा मिळतो. मी परदेशी पॉलिस्टायरीनऐवजी तोच वापरतो. फक्त त्याला ज्योतीवर धरायचं नाही, त्याचा धूर छातीला वाईट. हे शेवटचं मला एका नळकाम करणाऱ्या भावाने सांगितलं, म्हणजे ज्यांचं ऋण माझ्यावर आहे त्यांच्या यादीत आणखी एक नाव आलं.

सुतारआप्पा, आजी आणि चाचा आता नाहीत. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही, आणि ते पैशांचं कधी नव्हतंही. म्हणून मी एक रिवाज पाळतो. शाळेची मुलं प्रकल्पासाठी माझ्याकडे येतात, कुणाला धरण करायचं असतं, कुणाला कंधारचा किल्ला, कुणाला औंढ्याचं देऊळ. माझ्या पेटीत सगळं भरपूर असतं, मी लगेच देऊ शकतो. पण मी आधी त्यांना मापं काढायला लावतो आणि मग चिठ्ठी देऊन गावात पाठवतो. तार हवी तर वाइंडिंगच्या दुकानात, पत्रा हवा तर फ्लेक्सवाल्याकडे, काड्या हव्यात तर बाजारात टोपल्या विणणाऱ्या बाईंकडे. काय करायचं आहे ते त्यांना नीट सांगा, आणि ते काय म्हणतात ते ऐकून या. पेटीतून दिलेल्या तुकड्याबरोबर फक्त तुकडा जातो. त्या माणसाच्या हातून घेतलेल्या तुकड्याबरोबर त्याचं कसब येतं.

साहित्य महाग आहे म्हणून ज्याचं काम अडलं असेल, अशा कुठल्याही गावच्या मुलाला माझं हेच सांगणं आहे. बाळा, आधी वही घे आणि मापं काढ. ०.३ मिलिमीटरचा गज, ०.४ मिलिमीटरची फळी, एक मिलिमीटरची काडी, हे कुठेतरी दूरच्या दुकानात नसतं. तुझ्या गावात कुणीतरी पोटासाठी रोज तेवढंच बारीक काम करत असतं, आणि त्याला ते तुझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्याच्याकडे जा, आदराने विचार, आणि जे मिळेल ते कुणाकडून मिळालं ते त्याच वहीत लिहून ठेव.